लॉरेट टेलर : दोन नाटककारांचा संसार आणि एक भूमिका

नाटककाराचे शब्द मागे उरतात आणि नटाचा अभिनय त्याच्याबरोबर नाहीसा होतो, हे रंगभूमीच्या इतिहासकाराचे जुने गाऱ्हाणे आहे. अमेरिकन नटी लॉरेट टेलर हिच्या बाबतीत मात्र ह्या गाऱ्हाण्याला विलक्षण कलाटणी मिळालेली दिसते. तिने दोन विवाह केले आणि तिचे दोन्ही पती नाटककार होते. दोघांनीही तिच्यासाठी नाटके लिहिली. त्यांच्या काळात ती अमाप चालली. आज चार्ल्स टेलर व जे. हार्टली मॅनर्स ही दोन्ही नावे नाट्येतिहासाच्या तळटीपांत जाऊन बसली आहेत. आणि ज्या नटीचा अभिनय पडद्याबरोबर विरून जाणार होता, तिचा उल्लेख मात्र अमेरिकन नटांच्या दोन-तीन पिढ्यांनी एखाद्या दैवताचा करावा तसा केला आहे.

तिच्या जीवनाची जी हकीकत सर्वसामान्यपणे सांगितली जाते, तिचे तीन अंक सहज पाडता येतात. पहिल्या पतीने तिला राबवले, दुसऱ्याने तिला कीर्ती दिली पण आपल्या सामान्य नाटकांत कोंडून ठेवले, आणि दोघांच्याही छायेतून सुटल्यावर वार्धक्याच्या उंबरठ्यावर तिची खरी प्रतिभा प्रकटली. ही मांडणी आकर्षक आहे. तथापि इतकी बांधेसूद हकीकत पाहिली की अभ्यासकाने थोडे सावध व्हावे हे बरे.

लॉरेटचा जन्म न्यू यॉर्कमधील एका आयरिश कुटुंबात 1 एप्रिल 1883 रोजी झाला. (काही ठिकाणी 1884 हे वर्ष आढळते; नट्यांच्या जन्मवर्षांना तरुण होण्याची खोड असते.) तिचे मूळचे नाव लॉरेटा हेलन कूनी. मुलीने रंगभूमीवर जावे ही हौस आईची, आणि त्या हौसेपायी ‘ला बेल लॉरेट’ असे फ्रेंच वळणाचे नाव लावून ही आयरिश पोर व्होडव्हिलच्या, म्हणजे गाणी, नकला व किरकोळ करमणुकीच्या खेळांत लहानपणीच उभी राहिली. तिचे रीतसर शिक्षण असे फारसे झाले नाही. पुढे तिच्या बोलण्यात जो बेधडकपणा आढळे आणि वाचलेल्यापेक्षा पाहिलेल्यावर जो भर असे, त्याची मुळे ह्या बालपणात आहेत.

1901 मध्ये, वयाची विशी पुरी होण्यापूर्वीच, तिने चार्ल्स टेलरशी विवाह केला. तो वयाने तिच्याहून जवळजवळ वीस वर्षांनी मोठा होता आणि मेलोड्रामांचा कर्ता म्हणून त्याचा मोठा बोलबाला होता. त्या काळच्या स्वस्त नाट्यगृहांत दहा, वीस आणि तीस सेंटांची तिकिटे असत. तेथील प्रेक्षक कारखान्यांतून व गोदामांतून थेट येणारा. त्याला खलनायक दिसताच कळायला हवा, नायिका आगीत वा पुरात सापडायला हवी आणि शेवटच्या क्षणी तिची सुटका व्हायला हवी. टेलर हा माल भराभर तयार करी. त्याच्या ‘फ्रॉम रॅग्ज टू रिचेस’ ह्या 1903 मधील नाटकात लॉरेटने काम केले. पुढे पश्चिमेकडे सिअ‍ॅटलसारख्या शहरांतून तिने त्याच्या व इतरांच्या नाटकांत कितीतरी भूमिका केल्या. ड्वाइट व मार्गरीट ही दोन मुले ह्याच धावपळीत झाली. नाट्यमंडळीचा मालक, नाटककार आणि पती ही तिन्ही नाती एकाच पुरुषाशी असली म्हणजे बायकोला घरी जाऊन तक्रार करायलाही जागा उरत नाही. हा संसार टिकला नाही. 1910 च्या सुमारास त्याची अखेर घटस्फोटात झाली.

चरित्रकारांनी ही वर्षे बहुधा वाया गेलेल्या वर्षांत जमा केली आहेत. हा निवाडा घाईचा आहे. मेलोड्रामातील संवादाला स्वतःचे बळ नसते. संकट खोटे, आग कागदाची, सुटका ठरलेली. अशा प्रसंगात प्रेक्षकाचा श्वास रोखून धरायचा तर नटीला सगळा प्राण आपल्या पदरचा घालावा लागतो. जी नटी आठवड्याला नवी भूमिका पाठ करते आणि ज्या प्रेक्षकाला कंटाळा आला तर तो लपवण्याची रीत माहीत नाही त्याच्यासमोर उभी राहते, ती एक गोष्ट पक्की शिकते : समोरच्या माणसाचे लक्ष क्षणभरही सुटू द्यायचे नाही. ते लक्ष आवाज चढवून टिकवता येते, तसेच आवाज उतरवूनही टिकवता येते. हा दुसरा मार्ग लॉरेटला कोणी शिकवल्याची नोंद नाही. पण पहिल्या मार्गाचा पुरेपूर अनुभव घेतल्यावाचून तो सापडला असता, असे मानणे कठीण आहे.

1910 मध्ये ती ‘एलियस जिमी व्हॅलेंटाइन’ ह्या गाजलेल्या नाटकात न्यू यॉर्कच्या रंगभूमीवर ठळकपणे दिसली. त्याच वर्षी ‘द गर्ल इन वेटिंग’ ह्या नाटकाच्या निमित्ताने त्याचा लेखक जे. हार्टली मॅनर्स तिच्या आयुष्यात आला. मॅनर्स मूळचा लंडनचा. स्वतः पूर्वी नट असलेला, शिस्तीचा, मृदू बोलणारा गृहस्थ. टेलर आणि मॅनर्स ह्यांच्यात दोन ध्रुवांचे अंतर होते. 1912 च्या आरंभी लॉरेटने ‘द बर्ड ऑफ पॅरडाइज’ नाटकात लुआना ही हवाईची तरुणी रंगवली आणि ती प्रथम श्रेणीची नटी ठरली. त्याच वर्षी 20 डिसेंबरला नव्याने बांधलेल्या कॉर्ट थिएटरचा पडदा मॅनर्सच्या ‘पेग ओ’ माय हार्ट’ ह्या नाटकाने उघडला, आणि त्याच महिन्यात लेखक व नायिका ह्यांचा विवाहही झाला.

‘पेग’चे कथानक चार ओळींत सांगता येते. न्यू यॉर्कमध्ये गरिबीत वाढलेली एक आयरिश मुलगी आपल्या कुत्र्यासह इंग्लंडमधील प्रतिष्ठित मावशीच्या घरी येते. मामाच्या मृत्युपत्राप्रमाणे तिला सांभाळण्याचे पैसे मिळणार असतात आणि मावशीचे घराणे तर बुडालेले. म्हणून तिला ठेवून घेतात व पदोपदी हिणवतात. शेवटी मुलीचे सरळ मन जिंकते आणि तिला सरदार पतीही मिळतो. ह्यात नवे काही नाही. तरी न्यू यॉर्कमध्ये ह्या नाटकाचे सलग सहाशेहून अधिक प्रयोग झाले. दुसऱ्या नट्यांना घेऊन अनेक फिरत्या मंडळ्यांनी ते देशभर नेले, आणि 1914 मध्ये लॉरेटने ते लंडनच्या कॉमेडी थिएटरमध्ये केले. मॅनर्सला त्यातून आयुष्यभराची निश्चिंती मिळाली. लॉरेटच्या गळ्यात मात्र ‘पेग’ कायमची पडली. 1922 मध्ये किंग व्हिडोरने त्या नाटकाचा मूकपट काढला, तेव्हाही पेग तीच होती. चाळिशीला टेकलेल्या ह्या बाईने कॅमेऱ्यासमोर विशीच्या आतली पोर उभी केली.

‘पेग’च्या ऐन भरात, 1914 मध्ये, लॉरेटने अभिनयावर एक छोटा लेख लिहिला. नटीला सर्वांत आवश्यक गुण कोणता, हा त्याचा विषय. सौंदर्याला ती फारशी किंमत देत नाही; उलट सुंदर बाईचे लक्ष आपल्या सौंदर्याकडेच राहते, म्हणून ते अडसर ठरते असे तिचे म्हणणे. ज्याला लोक ‘व्यक्तिमत्त्व’ म्हणून डोक्यावर घेतात तेही तिला संशयास्पद वाटते, कारण असे व्यक्तिमत्त्व प्रत्येक भूमिकेत तेच ते राहते. तिच्या मते कल्पनाशक्ती हा नटीचा खरा गुण. भूमिकेतल्या माणसाचे जीवन, नाटककाराने न लिहिलेल्या भागासकट, नटीला दिसले पाहिजे. हा लेख पुढे अभिनयविषयक महत्त्वाच्या संकलनात समाविष्ट झाला. एका हलक्याफुलक्या नाटकाची लोकप्रिय नायिका हे लिहीत होती, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे. कारण न लिहिलेले पाहण्याची गरज ज्या नाटकांत सर्वाधिक भासावी, तीच नाटके तिच्या वाट्याला आली होती.

येथे मॅनर्सवरील मुख्य आरोपाचा विचार केला पाहिजे. ‘पेग’नंतर त्याने ‘द हार्प ऑफ लाइफ’, ‘आउट देअर’, ‘हॅपिनेस’, ‘वन नाइट इन रोम’ अशी नाटके तिच्यासाठी एकापाठोपाठ लिहिली. टीकाकार दरवेळी नटीची स्तुती आणि नाटकाची निंदा करीत राहिले. एवढी प्रतिभा अशा पोकळ संहितांवर उधळली जाते ह्याची हळहळ त्या काळच्या परीक्षणांतून वाहते. ह्या हळहळीला उत्तर म्हणून की काय, 1918 मध्ये लॉरेटने शेक्सपिअरच्या तीन नाटकांतील निवडक प्रवेश रंगभूमीवर आणले. टीकाकारांनी त्यांचे कडक शब्दांत वाभाडे काढले आणि ती पुन्हा त्या वाटेला गेली नाही. म्हणजे ज्यांनी तिला मोठ्या नाटकांकडे बोलावले, त्यांनीच ती आल्यावर दार लावून घेतले.

शिवाय पतीने तिला कोंडले हे विधान वस्तुस्थितीला पुरते धरून नाही. मॅनर्स हयात असतानाच 1923 मध्ये तिने फॅनी हर्स्टच्या ‘ह्यूमरेस्क’ नाटकात ज्यू आईची भूमिका केली आणि 1925 मध्ये फिलिप बॅरीच्या ‘इन अ गार्डन’ ह्या बुद्धिप्रधान नाटकात काम केले. ही नाटके फार काळ चालली नाहीत. दार बंद नव्हते. बाहेर पडून ती पुन्हा घरात येई. आपल्या पतीची नाटके सामान्य आहेत हे तिने कधीही मान्य केले नाही, आणि हा निव्वळ पत्नीधर्म होता असे समजण्याचे कारण नाही. पहिल्या संसारात जी स्थिरता तिला मिळाली नव्हती ती मॅनर्सने दिली. तिच्या मुलांना घर दिले. त्याची नाटके हा त्या घराचाच एक भाग होता. तो आरोप पतीवर ठेवण्याऐवजी त्या काळच्या व्यावसायिक रंगभूमीवर ठेवावा हे अधिक न्याय्य होईल. तेथे एकदा चाललेल्या नाण्याची दुसरी बाजू पाहण्याची कोणाला सवड नव्हती.

त्या घराचे एक चित्र वाङ्मयात राहिले आहे, आणि ते मॅनर्सने काढलेले नाही. 1921 मध्ये नोएल कॉवर्ड हा तरुण, खिसा रिकामा असलेला इंग्रज लेखक न्यू यॉर्कला आला असता रिव्हरसाइड ड्राइव्हवरील मॅनर्स-दांपत्याच्या घरी जाऊ लागला. तेथे जमलेल्या पाहुण्यांना कोडी घालणे, नकला करायला लावणे, शब्दांचे खेळ खेळणे हा शिरस्ता होता. खेळाच्या नियमांवरून घरच्या माणसांत हमरीतुमरी होई आणि गोंधळलेले पाहुणे एका बाजूला राहत. कॉवर्डने हे सारे मनात साठवले आणि 1925 मध्ये लंडनमध्ये ‘हे फीव्हर’ हे नाटक रंगभूमीवर आले. त्यातील निवृत्त नटी, तिचा लेखक पती आणि दोन मुले ह्यांना आपल्या भांडणांत इतकी गोडी वाटते की, पाहुणे निघून गेल्याचेही त्यांना भान राहत नाही. आपले मूळ कोठे आहे हे कॉवर्डने पुढे स्वतःच सांगितले. लॉरेटला ते चित्र मुळीच रुचले नाही. तरीही मॅनर्सची सर्व नाटके विस्मृतीत गेल्यावर त्याच्या दिवाणखान्यावर दुसऱ्याने लिहिलेले नाटक जगभर होत राहावे, ह्यात नियतीचा थोडा खट्याळपणा आहे.

त्या दिवाणखान्यातील हशाखाली दुसरे काही वाढत होते, ते कॉवर्डच्या नाटकात आलेले नाही. लॉरेटला मद्याची सवय जडली होती. 1922 मध्ये मॅनर्सने तिच्यासाठी ‘द नॅशनल अँथेम’ लिहिले; दारूबंदीच्या काळातील जॅझवेड्या, मद्यप्राशनात बुडालेल्या तरुण पिढीवर ते कडक टीका करणारे होते. त्या नाटकाची नायिका म्हणून ती रोज संध्याकाळी उभी राहत होती. डिसेंबर 1928 मध्ये मॅनर्स वारला आणि तिचा तोल पुरता गेला. आयरिश लोकांत मृताच्या सोबतीला जागून, पीत आणि आठवणी काढीत रात्र घालवण्याची रीत आहे. तिला ‘वेक’ म्हणतात. आपण पाळली ती इतिहासातील सर्वांत लांबलेली वेक, असे तिने पुढे म्हटल्याचे सांगतात. 1932 मध्ये जे. एम. बॅरीच्या नाटकांत ती पुन्हा दिसली, परंतु बेभरवशाची नटी हा शिक्का तिच्यावर बसला होता आणि निर्माते तिच्या नावाला कचरत होते. हा काळ जवळजवळ दहा वर्षांचा आहे, आणि त्याबद्दल ह्याहून अधिक लिहिण्यात औचित्य नाही.

डिसेंबर 1938 मध्ये ओटो प्रेमिंजरच्या दिग्दर्शनाखाली सटन व्हेनचे ‘आउटवर्ड बाउंड’ पुन्हा रंगभूमीवर आले. एका जहाजावरील उतारूंना हळूहळू उमगते की, आपण सारे मृत आहोत आणि हे जहाज परलोकी चालले आहे. त्यात मिसेस मिजेट ही एक गरीब, साधी बाई आहे. उतारूंपैकी एक मद्यपी तरुण तिचाच मुलगा असतो, हे त्याला ठाऊक नसते. आणि स्वतःला मिळणारे सुख सोडून ती त्याची सेवा करण्यासाठी मागे राहते. ही भूमिका लॉरेटने केली. पहिल्या रात्री प्रेक्षकांनी तिचे जे स्वागत केले, ते लांबच्या प्रवासाहून परतलेल्या आप्ताचे करावे तसे होते. त्यानंतर पुन्हा सहा वर्षे ती रंगभूमीपासून जवळजवळ दूरच राहिली. नाटके येत नव्हती असे नाही. तिला ती नको होती.

मग टेनेसी विल्यम्स ह्या अपरिचित तरुण लेखकाचे ‘द ग्लास मिनॅजरी’ तिच्या हाती आले. ह्या नाटकातील अमँडा विंगफील्ड ही दक्षिणेकडील कुलीन घराण्यातून सेंट लुइसच्या कोंदट भाड्याच्या घरात येऊन पडलेली आई आहे. एकाच दिवशी सतरा तरुण आपल्याला भेटायला आले होते, ही आठवण ती पुन्हापुन्हा काढते. टेलिफोनवरून मासिकांचे वर्गणीदार मिळवून चार पैसे जोडते. पायाने अधू, काचेची जनावरे जपत बसलेल्या मुलीसाठी स्थळ शोधते. आणि गोदामात काम करणाऱ्या, कविता लिहिणाऱ्या मुलाचा जीव नकोसा करते. पती फार पूर्वी घर सोडून गेलेला आहे. भिंतीवर त्याची हसरी तसबीर तेवढी आहे.

तालमींत ती पुटपुटत राही. संवाद पाठ आहेत की नाहीत ह्याची शंका येई, आणि लेखकासह सर्वांचा धीर सुटला होता. 26 डिसेंबर 1944 रोजी शिकागोत पहिला प्रयोग झाला. कडाक्याची थंडी होती व प्रेक्षक तुरळक. क्लॉडिया कॅसिडी आणि अ‍ॅश्टन स्टीव्हन्स ह्या शिकागोच्या दोन टीकाकारांनी मात्र आपल्या वृत्तपत्रांतून ह्या नाटकाचा सतत पाठपुरावा केला. ते पुन्हापुन्हा प्रयोगाला गेले, पुन्हापुन्हा लिहीत राहिले आणि बंद पडू लागलेले नाटक त्यांनी तगवले. टीकाकाराच्या लेखणीने एखादी महत्त्वाची कृती वाचवल्याची उदाहरणे नाट्येतिहासात फार नाहीत; हे त्यांपैकी निःसंशय एक आहे. लेखकाची आई एडविना विल्यम्स शिकागोला प्रयोग पाहण्यास आली होती. स्वतःचे दर्शन कसे वाटले, असे लॉरेटने तिला सरळ विचारले, अशी आठवण त्या आईने पुढे नोंदवून ठेवली आहे.

31 मार्च 1945 रोजी न्यू यॉर्कच्या प्लेहाउस थिएटरमध्ये ‘मिनॅजरी’ आले. त्या दिवशी लॉरेटची प्रकृती इतकी बिघडली होती की, विंगेत तिच्यासाठी बादली ठेवावी लागली. प्रवेश संपला की ती तेथे ओकत असे आणि पुन्हा रंगमंचावर येई. प्रेक्षागृहात ह्याचा कोणाला सुगावाही लागला नाही. तिच्या अभिनयाबद्दल ज्यांनी लिहिले, त्यांच्या वर्णनांत एक गोष्ट समान आहे : तिने काय केले हे कोणाला नेमके सांगता येत नाही. ती आवाज चढवीत नसे. वाक्य अर्धवट सोडी, परकर नीट करी, मुलाकडे पाही. दुसरा बोलत असता ती ऐके, आणि प्रेक्षकांची दृष्टी बोलणाऱ्याला सोडून ऐकणारीवर खिळून राही. चार्ल्स डर्निंग ह्या नटाला तर तरुणपणी तिला पाहताना, ह्या बाईला रस्त्यावरूनच आत आणले असावे, असे वाटले होते.

दोनदा संसार मांडलेल्या स्त्रीने परित्यक्तेची भूमिका केली म्हणून ती इतकी खरी झाली, असे समीकरण मांडण्याचा मोह येथे अनेकांना झाला आहे. तो आवरला पाहिजे. लॉरेटचा एक पती तिनेच सोडला होता आणि दुसरा मरणाने नेला. ह्यांतील कोणतेही दुःख अमँडाचे नव्हे. अमँडाशी तिचे नाते दुसरीकडे आहे. अमँडा ही स्वतः एक नटी आहे. मोडक्या घरात, अपुऱ्या साधनांनिशी, ऐकून कंटाळलेल्या दोन श्रोत्यांपुढे ती आपल्या तारुण्याचा प्रयोग रोज नव्याने उभा करते. पोकळ शब्दांत प्राण भरण्याचे हे काम लॉरेटने चार्ल्स टेलरच्या आगीपुरांत केले होते आणि मॅनर्सच्या दिवाणखान्यांत केले होते. ह्या खेपेस तिच्यापुढे प्रथमच अशी संहिता आली की, जिच्यात तो खटाटोप हाच भूमिकेचा विषय होता. दोन नाटककारांनी तिच्यासाठी भूमिका लिहिल्या. ही तिसऱ्याने तिच्यासाठी लिहिली नव्हती, आपल्या आईवरून लिहिली होती.

त्या वर्षीचे न्यू यॉर्कच्या नाट्यसमीक्षकांचे पारितोषिक ‘मिनॅजरी’ला मिळाले. 7 डिसेंबर 1946 रोजी लॉरेटचा अंत झाला. नाटकाच्या 1950 मधील चित्रपटात अमँडा गर्ट्रूड लॉरेन्सने केली. तेव्हापासून किती नट्यांनी ती केली ह्याची गणती नाही, आणि त्या प्रत्येकीला न पाहिलेल्या एका प्रयोगाशी तुलना सोसावी लागली आहे.

तिच्याविषयी जे ज्ञात आहे, त्याचा मोठा भाग तिच्या दोन मुलांकडून आला आहे. मार्गरीट कोर्टनीने 1955 मध्ये ‘लॉरेट’ हे आईचे चरित्र प्रसिद्ध केले. ते प्रेमाने आणि तरीही डोळे उघडे ठेवून लिहिलेले आहे. ड्वाइट टेलर हॉलिवूडमधील पटकथाकार झाला. ‘टॉप हॅट’च्या लेखकांत त्याचे नाव आहे. त्याने 1962 मध्ये ‘ब्लड-अँड-थंडर’ हे पुस्तक लिहिले ते आईवर नव्हे, मेलोड्रामाकार बापावर. एकाच विवाहातून जन्मलेली, सावत्र बापाच्या घरी वाढलेली ही भावंडे; एकीने आईचा शोध घेतला, दुसऱ्याने विसरल्या गेलेल्या बापाचा. मॅनर्सला स्वतःचे मूल नव्हते आणि त्याची बाजू मांडणारे तिसरे पुस्तक कोणी लिहिले नाही. दुसऱ्या संसाराविषयी जे निवाडे दिले जातात, ते वाचताना हे ध्यानात ठेवले पाहिजे.

मार्गरीटच्या चरित्रावरून 1960 मध्ये एक नाटक बेतले गेले. त्यात जूडी हॉलिडे लॉरेट होती. परंतु ती आजारी पडल्याने ते न्यू यॉर्कला पोहोचलेच नाही. 1963 मध्ये ‘जेनी’ हे संगीत नाटक आले. मेरी मार्टिन नायिका असलेल्या त्या नाटकाने चार्ल्स टेलरबरोबरच्या संसाराचा आधार घेऊन जुन्या मेलोड्रामांची भव्य दृश्ये उभी केली आणि 82 प्रयोगांत गाशा गुंडाळला.

मूकपट सोडले तर लॉरेटच्या अभिनयाचा जो दृश्य पुरावा उरला, तो 1938 मध्ये निर्माता सेल्झनिकसाठी घेतलेल्या एका चाचणी-चित्रणाचा आहे. चित्रपट ‘द यंग इन हार्ट’, भूमिका एका एकाकी वृद्धेची. ती भूमिका तिला मिळाली नाही. मिनी डुप्री ह्या नटीने केली. 2004 मध्ये ब्रॉडवेच्या सुवर्णकाळावरील माहितीपट प्रदर्शित झाला, तेव्हा तिच्या आठवणी सांगणाऱ्या वृद्ध नटनट्यांच्या जोडीला हे चित्रणही दाखवण्यात आले. त्यात ती काही विशेष करीत नाही. बसते, थोडे बोलते, मध्येच थांबते.